पाकळी टॉवेल्सचा उठता बाजार

सौदा करण्याची एक पद्धत प्रत्येक माणसात जन्मापासूनच असते, ती फक्त शोधावी लागते, असं विरुपाक्षसाहेबांनी आम्हाला सांगितलं तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते आणि आमच्या सोसायटीच्या गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. इतकी वर्षं माझ्यात काहीतरी होतं आणि मला कुणी कळवलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

विरुपाक्षसाहेब म्हणजे एका शेअर दलालाच्या सोलापूर शाखेचे व्यवस्थापक. वय चाळिशीतलं, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि बोलणं इतकं नम्र की नुकसानीची बातमीसुद्धा त्यांच्या तोंडून प्रसादासारखी वाटावी. गच्चीवर जमलेल्या आम्हा सगळ्या रहिवाशांना त्यांनी चाळीस प्रश्नांचा एक कागद दिला. मनापासून उत्तरं लिहा म्हणाले. मी छत्तीस वर्षं सूतगिरणीच्या कार्यालयात टंकलेखन केलेलं. कागद समोर आला की तो पूर्ण भरायचा, ही सवय.

'नुकसान दिसू लागल्यास आपण किती काळ थांबता?' मी लिहिलं, 'अजिबात नाही. मेथीची जुडी आतून पिवळी निघाली तर मी रिक्षा परत फिरवते.' 'निर्णय घेण्यास आपल्याला किती वेळ लागतो?' मी लिहिलं, 'नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. विचार करत बसले तर पिंप रिकामं राहील.'

निकाल लागला. मी निघाले 'अतिशीघ्र सौदेबाज'. म्हणजे मिनिटा-दोन मिनिटांत घ्यायचं आणि विकून मोकळं व्हायचं. माझे गुडघे असे की खुर्चीतून उठायचं ठरवल्यावर प्रत्यक्ष उठेपर्यंत तेवढाच वेळ जातो.

माझ्या वरच्या मजल्यावर हिंदुराव राहतात. मूळचे मोहोळकडचे, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. ते निघाले 'दीर्घकालीन गुंतवणूकदार', मुदत किमान वीस वर्षं.

"वीस वर्सं?" ते उभेच राहिले. "अवो सायेब, मी इन्व्हर्टरची बॅटरी घेताना सा म्हैन्याची गॅरंटी मागतो. सस्त पडती. आन तुमी वीस वर्सं म्हंता?"

"स्वभाव तसा आहे, सर," विरुपाक्षसाहेब म्हणाले.

"सोभाव माझा हाय की. वय कुनाचं हाय?"

घरी येऊन मी पुण्याला मुलीला फोन केला. मुदत ठेव नुकतीच मोडली होती, त्यातले पन्नास हजार मी बाजारात घालणार, हे ऐकून प्रियंकानं आधी कॅलेंडर उघडलं. तिनं तारखा बघितल्या की समजावं, आता अट येणार.

"तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिन्यांनी मी येऊन बघणार. एक रुपयासुद्धा नुकसान दिसलं, तर तुझ्या सगळ्या ठेवी, बँकेचं ॲप, सगळं अभिमन्यूकडे. तो सांभाळेल. कबूल?"

अभिमन्यू माझा जावई. चांगला आहे. पण दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्याजवळ उभं राहायला सांगितलं, तर तो उभा राहतो आणि दूध उतू जाताना बघतो. माझ्या पेन्शनीतून मलाच गुळाची ढेप आणायला जावयाची परवानगी काढायची, ही कल्पनाच मला सहन झाली नाही. मी कबूल म्हटलं.

खातं उघडणं हा एक स्वतंत्र अध्याय आहे. मोबाईलनं मला डोळे मिचकवायला सांगितले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर माझा डावा डोळा थोडा सावकाश मिटतो, त्यामुळे मी त्याला डोळा मारतेय असं मोबाईलला वाटलं असावं. त्यानं लाल अक्षरात नकार दिला. मग 'मान डावीकडे वळवा' आलं. माझ्या मानेला पट्टा. तळमजल्यावरच्या मायाक्का मदतीला आल्या. त्यांच्या माहेरी-सासरी पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या; त्या कुठल्याच जनावरापुढे हार मानत नाहीत.

"मान न्हाय वळत, तर फोन वळवू की," असं म्हणून त्या मोबाईल हातात धरून माझ्याभोवती प्रदक्षिणा घालू लागल्या. चौथ्या प्रदक्षिणेला 'आधारवरील छायाचित्राशी चेहरा जुळत नाही' असं उमटलं. तो फोटो माझ्याशी जुळत नाही, ही तक्रार तर मी स्वतः दहा वर्षं करत आले आहे. पाचव्या प्रदक्षिणेला खातं उघडलं.

पहिल्या दिवशी मी एका मोठ्या, नावाजलेल्या कंपनीचा शेअर काढला. भाव बाराशे चाळीस. आता मला सांगा, बाराशे चाळीस म्हटल्यावर कुठली शहाणी बाई बाराशे चाळीस देईल? ॲपमध्ये आपला भाव लिहायला एक चौकट असते. मी लिहिलं, सहाशे वीस.

हे मला माझ्या सासूबाईंनी लक्ष्मी मंडईत शिकवलं. निम्म्यानं मागायचं, नाही म्हटलं की पिशवी उचलायची आणि चालू लागायचं. मागं वळून बघायचं नाही. चौथ्या पावलाला हाक येते, "ओ बाई, या, घ्या!" एकोणीसशे पंच्याहत्तर सालापासून आजवर मला पाचवं पाऊल टाकावं लागलेलं नाही.

सहाशे वीस लिहून मी मोबाईल टेबलावर पालथा ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. चार पावलं झाली. आमटीला फोडणी घालून झाली. परत येऊन बघते तर लाल अक्षरं: 'किंमत मर्यादेबाहेर. ऑर्डर नाकारली.' म्हणजे समोरच्यापर्यंत माझा शब्द पोचलाच नव्हता! मी शाखेत फोन लावला.

"मॅडम, एका दिवसात ठराविक टक्क्यांच्या खाली मागता येत नाही," विरुपाक्षसाहेब म्हणाले. "नियम आहे."

"घासाघीस करायला बंदी?"

"बंदी नाही मॅडम, मर्यादा आहे."

या देशात काय काय मर्यादा आल्या हे मी पाहिलेलं आहे. साखरेला कार्ड होतं, रॉकेलला रांग होती. पण निम्म्यानं मागायला कुणी अडवलं नव्हतं.

पंधरा दिवस मी अतिशीघ्र होण्याचा प्रयत्न केला. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो तेव्हा मी चष्मा शोधत असे. चष्मा सापडेपर्यंत विरुपाक्षसाहेबांचा क्षण निघून गेलेला. शेवटी मी ठरवलं, सकाळचा बाजार आपला नव्हे. आपला बाजार उठता. संध्याकाळी मंडई उठायला लागली की माळणीला कोथिंबीर घरी न्यायची नसते, ती दहाच्या दोन जुड्यांच्या तीन करते. शेअर बाजार दुपारी साडेतीनला उठतो. तेव्हा जायचं सव्वातीनला. विक्रेत्याला माल घरी न्यायचा कंटाळा आलेला असेल, तो उतरेल. मोठ्या कंपन्यांत कुणी उतरेना. तिथे लाखो लोक, माझ्याकडे कोण लक्ष देणार?

"गर्दीतली शेळी घेऊ ने," मायाक्कांनी सल्ला दिला. "कडंला येकली हुबी आसती, तिचा मालक नडलेला आसतोय. तिचं दात बगायचं आन मागायची."

कडेला एकटी उभी असलेली कंपनी मला सापडली. पाकळी टॉवेल्स लिमिटेड. इथलीच, जुनी. भाव अठ्ठेचाळीस आणि कित्येक आठवडे एकही सौदा नाही. दात बघायचे म्हणून मी कपाटातून त्यांचा टॉवेल काढला. एकोणीसशे एक्क्याण्णवचा, अजून अंग पुसतो. कंपनीला दात होते.

सव्वातीनला मी सेहेचाळीसला पाच शेअर मागितले. आणि काय सांगू! समोर 'विक्री' खाली एक आकडा उगवला: अठ्ठेचाळीस. पलीकडे माणूस होता! मी मोबाईल पालथा घातला, चार पावलं चालले, परत आले. सत्तेचाळीस पन्नास. पुन्हा चार पावलं. तीन अठ्ठावीसला सत्तेचाळीसवर सौदा तुटला, म्हणजे पक्का झाला. मला इतका आनंद झाला की मी हिंदुरावांच्या घरी शेंगाचटणी पाठवली.

दुसऱ्या दिवशी पाच शेअर सेहेचाळीसला. मग पंचेचाळीसला. एकदम जास्त घ्यायचं नाही. आज जुडीभर, उद्या जुडीभर, म्हणजे मालकाला वाटत राहतं की हे गिऱ्हाईक सुटेल. जिन्यात हिंदुराव भेटत. त्यांनीही कुठलातरी सौदा सुरू केल्याचं मला कळलं होतं. पण कुठला, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. लग्न जमेपर्यंत आणि सौदा तुटेपर्यंत नाव घ्यायचं नसतं, दृष्ट लागते.

"कसं काय अक्का, तुमचा बाजार?"

"बरा आहे. पण पलीकडचा माणूस फार चिक्कू. चार-चार आण्यांनी उतरतो."

"माजं उलटं हाय," ते कळवळून म्हणाले. "म्या इकायला बसलोय, आन येकच गिऱ्हाईक हाय. लई अडेलतट्टू. पाच-पाच घेतंय. मदीच गायब होतंय, वाटतं गेलं. म्या भाव उतरला की हजर!"

"तुम्ही पडू नका हो खाली. अशा माणसाला धडा शिकवला पाहिजे."

"आन तुमी चडू नका वर. त्यो चिक्कू यील बगा गुडघ्यावर."

असे आम्ही दोघं पंधरवडाभर एकमेकांना धीर देत होतो. दहा दिवसांत पन्नास शेअर झाले, भाव अडतीसवर आला, आणि अकराव्या दिवशी पलीकडच्यानं कंटाळून उरलेले दीडशे एकदम अडतीसला टाकले. दोनशे शेअर, सरासरी एकोणचाळीस रुपये. एकाहत्तराव्या वर्षी मला माझी पद्धत सापडली होती.

दोन दिवसांनी विरुपाक्षसाहेबांचा फोन. आवाजातला प्रसाद कमी झाला होता.

"मॅडम, पाकळी टॉवेल्समध्ये गेले दोन आठवडे अख्ख्या देशात फक्त दोन खात्यांनी व्यवहार केलेत. एक तुमचं. दुसरं पण आपल्याच शाखेचं. आणि दोघांच्या ऑर्डरी एकाच वायफायवरून आल्यात. वरून विचारणा आलीय. हे संगनमत आहे का?"

माझं वायफाय मी एकाच माणसाला वापरायला दिलं आहे, हिंदुरावांना. त्या बदल्यात ते माझी पाण्याची मोटर चालू-बंद करतात. आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला, त्यांनाही शाखेतून फोन गेला असावा, "संगनमत? कुनाशी? म्या तर त्याला वळकतबी न्हाय!"

मी जिना चढू लागले, ते उतरू लागले. मधल्या वळणावर गाठ पडली.

"तो चिक्कू तुम्ही?"

"आन ते अडेलतट्टू तुमी व्हय?"

एकशे चाळीस कोटींच्या देशात, इतक्या मोठ्या बाजारात, मी माझ्या डोक्यावरच्या छताशी घासाघीस करत होते.

खातं गोठण्याची भीती होती. खातं गोठलं की प्रियंकाला कळणार, आणि मग नफा-नुकसान राहिलं बाजूला. आम्ही दोघं धावत (म्हणजे रिक्षानं) शाखेत गेलो. आमच्यात समझोता नाही, हे लेखी द्यायचं होतं, आणि साक्षीदार हवा होता. मायाक्कांना नेलं.

"ह्येंच्यात समजोता?" त्या विरुपाक्षसाहेबांना म्हणाल्या. "सायेब, गच्चीवरच्या टाकीचं झाकन कुनी बशिवायचं, ह्यावरनं ह्ये पाच वर्सं भांडत्यात. झाकन आजून न्हाय. कबुतरं आंगुळ करत्यात तितं."

हे शब्दशः लिहून घेतलं गेलं. खाली आणखी एक ओळ होती: यापुढे या शेअरसंबंधी आम्ही एकमेकांशी बोलणार नाही. आम्ही सह्या केल्या. खाती वाचली.

तीन महिने भरले त्या शुक्रवारी प्रियंका ठरल्याप्रमाणे आली. जेवण झाल्यावर तिनं मोबाईल हातात घेतला. "एकोणचाळीसला घेतलेस, शेवटचा भाव अडतीस. आई, दोनशे रुपये नुकसान."

"भाव म्हणजे शेवटी हिंदुराव आणि मी," मी तिला समजावलं. "आमच्याशिवाय कुणी घेत-विकत नाही. आम्ही गप्प, म्हणून भाव गप्प."

"म्हणजे तुझा नफा-तोटा वरच्या मजल्यावर ठरतो?"

मी उत्तर देणार तोच दारात हिंदुराव. घाम फुटलेला, हात जोडलेले, तोंड घट्ट मिटलेलं. त्यांच्यामागे मायाक्का.

"ह्यास्नी बोलायचं न्हाय ना, सही हाय," मायाक्का म्हणाल्या, "म्हून म्या सांगती. ते शेअर ह्येंचं न्हवतंच. ह्येंच्या बायकूचं, वच्छलाचं. तिचं वडील पाकळीत मागावर हुतं, त्येंचं. खातं नुसतं ह्येंच्या नावावर. वीस वर्सं थांबा म्हनल्याव ह्ये चिडलं आन गुपचूप इकाय लागलं. आन आता वच्छला म्हनती, आप्पांचं शेअर आरोहीच्या नावावर करा, सोमवारी शाखेत जाऊया. त्येच्या आत शेअर माघारी पायजेत."

आरोही त्यांची नात. हिंदुराव माझ्याकडे बघत नुसते मान हलवत होते. माझ्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी आल्या. एक, बिचारा. दुसरी, हे आता नडलेलं गिऱ्हाईक आहे.

"पण बोलायचं नाही तर भाव कसा ठरवणार?" प्रियंका.

"आमच्यात शेळ्यांच्या बाजारात कुटं बोलत्यात?" मायाक्कांनी दोरीवरचा टॉवेल ओढला. "टावेलाखाली हात घालायचा. येक बोट धरलं की येक रुपय वर, सोडलं की येक खाली. सहीत बोटाचं काय लिवलंय का?"

मी मनात तो कागद पुन्हा वाचला. बोटांचा उल्लेख नव्हता. नियम पाळूनच जे करायचं ते करावं, या विचारानं मी हात पुढे केला. मायाक्कांनी वर टॉवेल टाकला. हिंदुरावांनी अडतीसपासून बोटं मोजायला घेतली. आधी माझी करंगळी सोडली, मग अनामिका. म्हणजे अशा प्रसंगीही छत्तीस!

"अडतीसच्या खाली कुठे जाताय?" असं बोटांनीच विचारत मी त्यांचा अंगठा पिरगाळत असतानाच दारात वच्छलाबाई उभ्या राहिल्या. हातात माझीच शेंगाचटणीची वाटी, परत करायला आणलेली.

टॉवेल हलत होता.

"ह्ये काय चाललंय, अक्का?"

छत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर कधी शिंतोडा उडाला नव्हता. मी हात काढायला गेले, पण हिंदुराव मोजण्यात इतके गुंतले होते की सोडेनात. शेवटी प्रियंकानं टॉवेल उचलला आणि सगळं सांगून टाकलं. शेअर, सही, बोटं.

वच्छलाबाईंनी वाटी टेबलावर ठेवली. "अवो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नुसता अक्काचा हात धरला आसता, तर एक डाव सोडलं आसतं म्या. म्हातारपनी डोकं फिरतंय मानसाचं. पन माझ्या आप्पांचं शेअर?"

हिंदुरावांची मान खाली गेली. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

"इकत घ्या परत," वच्छलाबाई म्हणाल्या. "हितंच, माझ्या म्होरं. आन अक्काला तोटा नको."

समोरासमोर सोफ्यावर बसून, तोंडं मिटून, आम्ही मोबाईल उघडले. नियमानं त्या दिवशी एकोणचाळीस नव्वदच्या वर आणि छत्तीस दहाच्या खाली जाता येत नव्हतं. मी एकोणचाळीस नव्वद टाकला. वच्छलाबाई मानेवर बसलेल्या, सोमवार डोक्यावर, आणि या गृहस्थानं मागितलं छत्तीस दहा!

"अवो!" वच्छलाबाई ओरडल्या.

सदतीस. अडतीस. मी हलले नाही. प्रियंका पुढे सरकून बसली होती. आधी नुकसान मोजणारी माझी मुलगी आता पुटपुटत होती, "थांब आई, चढतोय, थांब." अडतीस पन्नास. तीन चोवीस. एकोणचाळीस. मग हिंदुराव एकोणचाळीस पन्नासवर आले आणि थांबले. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर तेच दिसत होतं, जे मंडईत माझ्या स्वतःच्या चेहऱ्यावर असतं. आता याच्या वर एक पैसाही नाही.

तीन एकोणतीस झाले. चाळीस पैशांसाठी मी त्या बाईच्या आप्पांना बाजारात लटकत ठेवणार होते का? शिवाय पन्नास पैसे गुणिले दोनशे, शंभर रुपये नफा होताच. मी एकोणचाळीस पन्नास लिहिलं आणि बोट ठेवलं.

सौदा तुटला. वच्छलाबाईंनी डोळ्याला पदर लावला. हिंदुराव पहिल्यांदा बोलले, "लई पिळलं अक्का तुमी."

पाहुणे गेल्यावर प्रियंकानं सगळी बिलं उघडली. तिला सवयच आहे, ती ऑडिटमध्ये आहे. "नफा शंभर," ती म्हणाली. "दलाली, कर, खात्यातून शेअर काढायचा आकार, सगळं मिळून एकशे बारा. आई, बारा रुपये नुकसान."

मला अटी पाळता येतात. मी मोबाईल तिच्यापुढे सरकवला. बँकेच्या पासबुकांची पिशवी कपाटात कुठे आहे तेही सांगितलं. सांगून खुर्चीत बसले. जिना चढउतार फार झाली होती त्या आठवड्यात.

तिनं पिशवी आणायला कपाटाकडे न जाता आपली पर्स उघडली. बराच वेळ उलथापालथ करून वीसची एक नोट काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "घे. भरून निघालं."

मी उठले, डब्यातून आठ रुपये काढले आणि तिच्या हातावर ठेवले.

तिनं ते मोजून घेतले.